लेण्यांच्या वाटेवरची इंग्रजी

नववीत आलेल्या मुलांच्या आठवीतल्या इंग्रजी निबंधवह्या मी जूनमध्ये मागवून घेते. त्यातलं शेतकऱ्याचं मनोगत आता मला पाठ आहे. शेतकरी पहाटे उठतो, बैलांना चारा घालतो, तो देशाचा कणा आहे, त्याच्यावर अन्याय होतो. पन्नास-साठ वह्यांत हेच, त्याच क्रमाने आणि त्याच चुकांसकट. हे लिहिणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी कापूस आणि मका आहे. पण वहीत कुठेही बोंडअळी येत नाही, मका सोंगताना हाताला कापणारी पात येत नाही, कापसाचा भाव पडला म्हणून रखडलेलं बहिणीचं लग्न येत नाही. निबंध गाईडमधला असतो आणि गाईडवाल्याने ही शेतं पाहिलेली नसतात.

आमची शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, सोयगाव तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. लेणी जवळ आहेत. मुलांपैकी कुणाच्या घरी खानदेशी वळणाची मराठी, तांड्यावरून येणाऱ्यांच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली, काहींच्या घरी उर्दू. इंग्रजी कुणाच्याच घरची नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे नववीत येईपर्यंत मुलांनी आठ वर्षं ही भाषा फळ्यावरून वहीत उतरवलेली असते. स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितलं, की वर्ग एकमेकांकडे पाहायला लागतो.

हे बदलायचं मी ठरवलं आणि त्यासाठी पहिल्या सत्रात आठवड्याचे दोन तास वेगळे काढले. मुख्याध्यापक सरांनी एकच अट घातली, पाठ्यपुस्तक वेळेत संपलं पाहिजे. ती मी पाळली. या दोन तासांत ज्याचं उत्तर गाईडमध्ये सापडेल असा एकही विषय द्यायचा नाही, एवढं मी स्वतःशी ठरवलं होतं. बाकी वाट चालता चालता सापडत गेली.

सुरुवात झाली ती आमच्याच वर्गातल्या एका मुलामुळे. शनिवार-रविवारी तो टी-पॉइंटवर, म्हणजे लेण्यांकडे रस्ता फुटतो तिथे, काकाच्या दगडांच्या स्टॉलवर बसतो. आमच्याकडे विहीर खोदताना, खाणीत काम करताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत स्फटिक सापडतात, झिओलाइट नावाची खनिजं सापडतात. मुलं त्या सगळ्याला क्रिस्टल म्हणतात. हा मुलगा इंग्रजीत काठावर पास होणारा. पण स्टॉलवर तो जपानी, कोरियन, फ्रेंच, बंगळुरूचे, हैदराबादचे अशा सगळ्यांशी दिवसभर इंग्रजीत बोलतो आणि माल विकतो. मी त्याला म्हटलं, “अरे, मी पर्यटक झाले, तू मला विकून दाखव.” टेबल मांडलं, त्याने दप्तरातून दोन दगड काढले. म्हणजे ते रोज दप्तरात असतात, हेही त्या दिवशी कळलं.

त्याने पहिलं वाक्य टाकलं, “व्हिच कंट्री, मॅडम?” मी म्हटलं, इटली. तो म्हणाला, इटली गुड पीपल, लाइक पेंटिंग. मग दगड थेट माझ्या हातात दिला. “होल्ड, मॅडम. होल्डिंग नो मनी.” मी दगड फिरवून बघेपर्यंत गप्प राहिला. मग सांगितलं, हा काकाच्या विहिरीतला, पाणी लागायच्या आधी हा लागला. किंमत मी विचारेपर्यंत त्याने सांगितली नाही. मी नको म्हटलं तेव्हा न रागावता दुसरा, लहान दगड काढला आणि म्हणाला, हा मुलीसाठी, बॅगेत बसेल.

वर्ग हसत होता, टाळ्या वाजवत होता. मी खडू घेतला आणि विचारलं, “याने काय काय केलं, क्रमाने सांगा.” मुलांनी भराभर सांगितलं. आधी ओळख काढली. वस्तू हातात दिली. ती कुठून आली ते सांगितलं. किंमत शेवटी सांगितली. नको म्हटल्यावर सोपा मार्ग दाखवला. माणसाचं मन शब्दांनी कसं वळवायचं याचा एवढा नेमका धडा मी कुठल्याही पुस्तकातून देऊ शकले नसते. पुढच्या तासाला मी त्यांना ॲरिस्टॉटलबद्दल सांगितलं. सव्वादोन हजार वर्षांहूनही आधी त्याने मन वळवण्याच्या तीन वाटा सांगितल्या, बोलणाऱ्यावर बसलेला विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मांडणीतला युक्तिवाद. फळ्यावरची वाक्यं मुलांनी या तीन खणांत वाटली. ‘वस्तू हातात दिली’ हे कुठे घालायचं यावर भांडण झालं. एक गट म्हणे विश्वास, दुसरा म्हणे भावना. ते भांडण मी मिटवलं नाही. दोन्ही बाजूंनी कारणं येत होती आणि मला तेच हवं होतं.

मग एका मुलीने विचारलं, “मॅडम, पण काही जण लेण्यातलाच दगड आहे असं सांगून विकतात. ते पण मन वळवणंच ना?” वर्ग एकदम शांत झाला, कारण सगळ्यांना माहीत होतं. तो मुलगा म्हणाला, “आम्ही नाही सांगत.” त्यानंतर बराच वेळ आम्ही यावरच बोललो. शेवटी मुलांनीच नियम केला, माणूस उद्या परत आला तर त्याला तोंड दाखवता येणार नाही असं वाक्य लिहायचं नाही. मन वळवणारं लेखन शिकवताना ही गोष्ट नंतरवर ढकलू नये असं माझं ठाम मत आहे. मुलांच्या हातात आपण एक ताकद देत असतो. ती कशासाठी वापरायची हे त्याच तासाला बोललं गेलं पाहिजे.

सर्जनशील लेखनाचे तास याच्या जोडीने चालू होते. फळ्याच्या कोपऱ्यात बंद शब्दांची यादी कायम असे. ब्यूटिफुल, नाइस, व्हेरी, लॉट्स ऑफ. सुरुवातीला मुलं म्हणाली, मग उरलं काय? मी सांगितलं, घरून शाळेपर्यंतच्या वाटेवरची एकच जागा निवडा. तिथे काय दिसतं, काय ऐकू येतं, कसला वास येतो एवढंच लिहा. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही. इंग्रजी शब्द अडला तर मराठी शब्द देवनागरीत तसाच ठेवायचा आणि पुढे जायचं. गोरमाटी असेल तर गोरमाटी.

या शेवटच्या सवलतीवर शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “मॅडम, बोर्डाच्या पेपरात हे चालणार आहे का?” त्यांची काळजी खरी होती. मी त्यांना वेल्सबद्दल सांगितलं. तिथे सेन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात वर्गात वेल्श आणि इंग्रजी मुद्दाम एकत्र वापरण्याची पद्धत मांडली. एका भाषेत वाचायचं किंवा ऐकायचं, दुसऱ्या भाषेत बोलायचं किंवा लिहायचं. दोन भाषांमध्ये जगणाऱ्या मुलांना एक भाषा दाराबाहेर ठेवून आत या म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. पहिल्या खर्ड्यात ओसरी, कडबा, हौद हे शब्द होते. दुसऱ्या खर्ड्यात त्यातले बरेच इंग्रजी झाले. काही मी राहू दिले आणि ते काय आहे हे सांगणारं अर्धं वाक्य पुढे जोडायला लावलं. ओसरीचं वर्णन करताना एका मुलीला पहिल्यांदा कळलं की आजी दिवसभर तिथेच का बसते. तिथून रस्ता आणि चूल दोन्ही दिसतात. हे तिने इंग्रजीत लिहिलं.

पावसाळ्यात लेण्यांच्या वरच्या अंगाला सातकुंडाचा धबधबा वाहायला लागतो. त्यावर बऱ्याच मुलांनी लिहिलं. शब्दांवर बंदी असल्यामुळे सुंदर, मनमोहक असं काही लिहिता येत नव्हतं. एकाने लिहिलं, पाणी चढलं की समोरचा माणूस हाक मारतो ती ऐकू येत नाही, नुसतं तोंड हलताना दिसतं. इंग्रजीत एक क्रियापद चुकलं होतं. मी ते वाक्य सबंध वर्गापुढे तीनदा वाचलं.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बरेच शिक्षक इथेच थकतात. पट साठच्या घरात. लाल पेनाने प्रत्येक चूक दाखवायची म्हटलं तर वही रक्तबंबाळ होते आणि मूल पुढच्या वेळी पुन्हा गाईडकडे पळतं. म्हणून पहिल्या खर्ड्यावर मी चुका दाखवतच नाही. फक्त पेन्सिलने दोन खुणा करते. जे वाक्य वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहिलं त्याखाली रेघ. जिथे अडखळले तिथे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या खर्ड्याला दोनच प्रकारच्या चुका घ्यायच्या, त्याही सगळ्या वर्गाच्या मिळून. आपल्या मुलांच्या चुका कुठून येतात हे कळलं की काम सोपं होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून इंग्रजी वाक्यातही ते मागे ओढलं जातं. मराठीत नदी ती आणि दगड तो, म्हणून वह्यांत नदीला ‘शी’ (she) आणि दगडाला ‘ही’ (he) लागतं. अ, ॲन, द यांच्यासारखं काही मराठीत नाहीच, त्यामुळे ते एक तर गळतं नाही तर सगळीकडे लागतं. हे मी मुलांना सरळ सांगते. चूक मुलाच्या बुद्धीतली नाही, ती दोन भाषांच्या घडणीतल्या फरकातून येते, हे कळलं की लाज कमी होते आणि हात सुटतो.

जोडीदाराची वही मोठ्याने वाचणं हे दुसरं साधन. लिहिणाऱ्याने फक्त ऐकायचं. वाचणारा जिथे अडकला तिथे वाक्य मोडलेलं आहे, ते दुरुस्त करायचं. साठ मुलांच्या वर्गात माझ्या कानांना जे जमणार नाही ते तीस जोड्या एकाच वेळी करतात. गोंगाट होतो. मी तो होऊ देते.

गणपतीच्या सुट्टीनंतर मन वळवणाऱ्या लेखनाचा मोठा टप्पा सुरू केला आणि त्याची सुरुवात मराठीतून केली. मुक्ता साळवे या मुलीचा निबंध वाचला. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मातंग समाजातली ही मुलगी. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आपल्या लोकांचा धर्म कोणता, असा प्रश्न ती देवालाच विचारते. पण वर्ग थांबला तो दुसऱ्याच ठिकाणी. आमच्या बाळंतिणींच्या डोक्यावर छप्परही नसतं आणि थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे ती सांगते तिथे. मुली खाली बघत होत्या. तांड्यावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे तिने कुठून तरी उतरवलेलं नाही.” बरोबर. तिने ते पाहिलेलं होतं.

मग १८८२ सालच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनाकडे आलो. ते इंग्रजीत आहे. मी विचारलं, इंग्रजीत का? एका मुलाने लगेच सांगितलं, आयोगवाले इंग्रज, त्यांना मराठी कुठे येणार. आम्ही त्या निवेदनाची बांधणी फळ्यावर उलगडली. आधी ते आपला अनुभव सांगतात, पुण्यात आणि आसपासच्या गावांत शिक्षणाचं काय काम केलं ते. मग हिशेब मांडतात. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो. मग नेमकी मागणी. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करावं. स्टॉलवरच्या मुलाचा क्रम आणि हा क्रम मुलांनी शेजारी शेजारी मांडला. विश्वास आधी, मागणी शेवटी. तो मुलगा काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसायला लागला.

आता लिहायचं कुणाला, हा प्रश्न आला. ग्रंथालयाचं कपाट मधल्या सुट्टीत उघडं ठेवावं म्हणून मुख्याध्यापकांना पत्र, असं मी सुचवलं होतं. मुलं म्हणाली, “सर मराठी वाचतात, त्यांना इंग्रजीत कशाला लिहायचं?” म्हणून ते पत्र मराठीत लिहिलं आणि कपाट उघडलं. इंग्रजीसाठी, मराठी न वाचणारा माणूस हवा होता. तो आमच्या रस्त्यावरून रोज जातो. पर्यटकांकडून आपल्याला काय हवं, याची यादी मुलांनी केली. लेण्यांखालच्या वाघोरा नदीत प्लास्टिक टाकू नये. वानरांना खायला घालू नये. लेण्यात फ्लॅश मारू नये, कारण ती चित्रं भुसा-गवत मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत आणि रंग एकदा गेला की परत येत नाही. आणि तांड्यावरच्या त्याच मुलीने एक मुद्दा घातला जो माझ्या मनात कधी आला नव्हता. पर्यटक मुलांना पेनं, चॉकलेटं, नाणी वाटतात, ती वाटू नयेत.

घडी घातलेलं एक पत्रक करायचं ठरलं. पहिला मजकूर सगळ्यांनी लिहिला तो असा, पर्यावरण वाचवा, प्लास्टिक घातक आहे, आपला परिसर स्वच्छ ठेवा. त्याच्या झेरॉक्स काढून, मालकांना विचारून, दोन-तीन स्टॉलवर ठेवल्या. मुलांना सांगितलं, लांब उभं राहून फक्त बघा, माणूस किती ओळी वाचतो. सोमवारी मुलं परत आली ती हिरमुसून. लोक पहिली ओळ वाचून कागद ठेवून देतात किंवा त्यावर चहाचा कप ठेवतात. गाईडमधली भाषा खऱ्या माणसापुढे ठेवली की काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर गाईडबद्दल मला वर्गात एक शब्दही बोलावा लागला नाही.

खरी अडचण पुढे आली. एका मुलीचे वडील पाण्याच्या बाटल्या विकतात. ती उठून म्हणाली, “तुम्ही सगळे लिहिताय प्लास्टिकची बाटली घेऊ नका. मग आम्ही काय खायचं?” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पाठ्यपुस्तकात बाजू आणि प्रतिबाजू लिहायचा सराव असतो. मोबाइल चांगला की वाईट असले विषय येतात आणि मुलं दोन्हीकडून गाईडची चार-चार वाक्यं लिहितात. इथे प्रतिबाजू आमच्या तिसऱ्या बाकावर बसलेली होती आणि तिच्या घरची चूल त्यावर पेटत होती. मी दोन्ही गटांना सांगितलं, आता समोरच्याचं म्हणणं तुम्ही लिहा, इतकं चांगलं लिहा की तो म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. मग आपलं लिहा. या कामाला आठवडा गेला. माझ्या मते या सत्रातलं सर्वांत मोलाचं शिक्षण त्या आठवड्यात झालं.

त्या मुलीने जे लिहिलं ते मराठीत सांगते. ‘माझे वडील तुम्हाला पाणी विकतात. वर ऊन फार असतं, पाणी घ्याच. बाटली रिकामी झाली की पायऱ्यांवर ठेवू नका. ती नदीत जाते आणि पावसात आमच्या शेतात येते. परत येताना ती माझ्या वडिलांना द्या. ते हिरव्या छत्रीखाली बसतात.’ यातला प्रत्येक शब्द तिचा. वाचणाऱ्याची तहान तिने मानली, वडिलांचा धंदा राखला, टाकलेली बाटली कुठे जाते ते दाखवलं आणि काय करायचं ते इतकं सोपं करून सांगितलं की नाही म्हणायला जागा उरली नाही. मी तिची इंग्रजी दोनच ठिकाणी दुरुस्त केली.

सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे स्टॉलवाले पालक त्या दिवशी मोकळे असतात. आम्ही वाचनाचा कार्यक्रम सोमवारी ठेवला. मुलांनी इंग्रजीत वाचलं आणि मग मराठीत सांगितलं. त्या मुलीचे वडील शेवटपर्यंत उभे राहूनच ऐकत होते. मला म्हणाले, “मॅडम, लिहिलं चांगलंय तिने. पण आधी त्यांना विचारायला पाहिजे, कुठून आले. लगेच बाटलीवर नाही यायचं.” पोरीने मान डोलावली आणि तिथल्या तिथे वर एक ओळ वाढवली, ‘तुम्ही लांबून आला आहात.’ दुसऱ्या आठवड्यापासून छत्रीला एक गोणी बांधलेली दिसायला लागली. नदीत प्लास्टिक अजून आहे. काही स्टॉलवाल्यांनी पत्रक ठेवून घ्यायला नकार दिला, तोही मुलांनी नोंदवून घेतला, कारणांसकट. पण आता लोक पत्रक उघडून आतलं पान वाचतात, हे मुलांनी पुन्हा लांब उभं राहून पाहिलं आहे.

आतल्या पानावर पेनांबद्दलचा मजकूर आहे. ‘आम्हाला पेन देऊ नका. पेन आमच्याकडे आहे. आमचं नाव विचारा आणि तुमचं सांगा.’ एक वयस्क परदेशी बाई ते वाचून स्टॉलवरच्या पोरांना एकेकाचं नाव विचारत बसल्या, असं मुलं सांगत आली. लिहिलेल्या शब्दाने अनोळखी माणूस वागणूक बदलतो हे चौदाव्या वर्षी अनुभवलेलं मूल पुन्हा कधी कोऱ्या कागदाला घाबरेल असं मला वाटत नाही.

परीक्षेचं काय, हे पालक विचारतातच. पत्राचा पत्ता कुठे, तारीख कुठे, विषयाची ओळ कशी, भाषणाची सुरुवात कशी, बातमीचं शीर्षक कसं, हे साचे मी सहामाहीच्या आधी थोड्या तासांत घेतले. लिहायला काही असलं की साचा लवकर बसतो. सहामाहीत बऱ्याच मुलांनी उत्तरं स्वतःची लिहिली. चुका होत्या. कोरी पानं नव्हती.

दुसऱ्या सत्रात वर्गाने वानरांचा विषय घेतला आहे आणि तो जास्त अवघड निघाला. काळ्या तोंडाची ती वानरं पिशव्या ओढतात, माणसं घाबरतात, त्यांना खायला घालू नका हे सांगणं सोपं. पण तिथेच केळी आणि शेंगा विकणाऱ्या आजी आमच्या गावच्या आहेत आणि त्यांचा बराचसा माल वानरांसाठीच जातो. मुलांचे दोन तट पडले आहेत. येत्या सोमवारी आजींनाच वर्गात बोलावलं आहे. त्या त्यांची बाजू मराठीत मांडतील, मुलं ती इंग्रजीत लिहून घेतील, आणि आजींना ती मान्य झाल्याशिवाय पत्रकाला हात लावायचा नाही असं मुलांनी ठरवलं आहे.